नडगीतला स्क्रू काढला की हाड जुळतं म्हणे. हे पेशीला कळतं कसं?

टूलरूमवाला, चिंचवड

नमस्कार मंडळी. बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, डाय आणि फिक्श्चर केले. शिक्षण आयटीआय फिटर. जीवशास्त्र दहावीत सुटलं ते सुटलंच, तेव्हा प्रश्न बावळट वाटला तर हसून घ्या, पण उत्तर द्या.

आषाढात मोशीकडून येताना ओल्या मुरमावर स्कूटर घसरली आणि डावी नडगी मोडली. हाडाच्या पोकळीत रॉड टाकला, वर दोन स्क्रू, खाली दोन. चौदा आठवड्यांनी फोटो काढला तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी. फटीभोवती नवं हाड धरायला हवं होतं तेवढं धरलेलं नाही म्हणाले. मग म्हणाले, वरचा एक स्क्रू काढू आणि पाय टेकायला लागा.

मी चाटच पडलो. आमच्या धंद्यात जोड धरत नसला तर बोल्ट आवळतात. इथे जोड धरत नाही म्हणून बोल्ट काढतात! बाहेर चाळीस पेशंट खोळंबलेले, त्यामुळे फार खोदून विचारता आलं नाही. जाता जाता डॉक्टर एवढंच बोलले, "काका, हाडाला जरा दाब कळला पाहिजे."

कळला पाहिजे म्हणजे कुणाला? तिथेच माझी गाडी अडलीय. मशिनवरचा लोड मोजायचा तर मी स्ट्रेन गेज चिकटवतो. तापमान मोजायचं तर थर्मोकपल. दोन्हीला वायरी, वायरींच्या टोकाला मीटर, आणि मीटरकडे बघणारा एक माणूस. पेशीत यातलं काय असतं? तिथे बघतो कोण?

दुसरं, घरात शेकावरून रोज महाभारत. सौ. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याची पिशवी घेऊन हजर, मेहुणा म्हणतो बर्फच लाव. नडगीवर जखम उघडी होती तिथला व्रण लाल, जाड झालाय आणि खाजतो. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर आहे. गरम-गार हे जखमेतल्या पेशीला कळतं, की नुसतं आपल्याला वाटतं?

काढलेला स्क्रू मागून आणलाय. मायक्रोमीटरवर ४.९ भरला. मिलिमीटर.


पेट्रीडिश

काका, प्रश्न बावळट नाही. याच्या अर्ध्यामुर्ध्या उत्तराला २०२१ चं नोबेल मिळालंय. मी प्रयोगशाळेत कातडीच्या पेशी वाढवते. हाड हा माझा प्रांत नाही, पण गेजचं सांगू शकते.

बघणारा माणूस पेशीत नाही. गेज आहे, आणि गेज हाच स्विच आहे. पेशीभोवती तेलकट पापुद्रा असतो आणि त्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. पापुद्र्याच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटीनं जास्त. दार क्षणभर किलकिलं झालं तरी कॅल्शियम आत घुसतं, आणि ते घुसलं हीच पेशीसाठी बातमी. पुढची सगळी पळापळ त्यावरून.

ताणाचं दार सापडलं त्याची गोष्ट तुम्हाला आवडेल, कारण ती अगदी फॉल्ट शोधण्यासारखी आहे. आर्डेम पाटापूटियन हे बैरूतमध्ये जन्मलेले आर्मेनियन, कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत काम करतात. त्यांच्याकडे बर्ट्रांड कोस्ट नावाचा तरुण संशोधक होता. त्याच्याकडे अशी एक पेशी होती, की काचेच्या सुईनं ढोसली की तिच्यातून बारीकसा वीजप्रवाह वाहायचा. आता दार कुठलं? संशयितांची यादी केली, ७२ जनुकं. एकेक बंद करायचं, पेशी ढोसायची, प्रवाह येतो का बघायचा. एकाहत्तर झाली, प्रवाह येतोच आहे. बहात्तरावं बंद केलं आणि पेशी मुकी झाली. हे २०१० साली छापून आलं. त्या दाराला नाव दिलं पीझो१.

हे दार तीन पात्यांच्या पंख्यासारखं असतं, आणि पाती वाकडी. त्यामुळे बसल्या जागी पापुद्र्याला वाटीसारखा खळगा पडतो. पापुद्रा ताणला की वाटी सपाट होते आणि मधलं भोक उघडतं. एवढंच. ना वायर, ना मीटर.


टूलरूमवाला, चिंचवड

पीझो म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. गॅस लायटरमध्ये तोच खडा असतो ना, खटका मारला की ठिणगी! म्हणजे पेशीत खडा आहे?


पेट्रीडिश

नाही काका, नाव एकाच घरातलं, माणसं वेगळी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दाबणे, म्हणून दोघांना ते चिकटलं. लायटरमधला खडा दाबला की स्वतः वीज तयार करतो. पेशीतलं दार काहीच तयार करत नाही, ते फक्त उघडतं. धरणाच्या दारासारखं. पाण्याचा दाब आधीपासून आहेच.

आता तुमच्या स्क्रूकडे. मी काल हाडांवर काम करणाऱ्या मैत्रिणीचं डोकं खाल्लं, त्यातून हे.

तयार हाडात पेशी चक्क भिंतीत चिणलेल्या असतात. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात, आणि हाडातल्या दहापैकी नऊ पेशी याच. त्यांचे बारीक हातपाय बोळांतून एकमेकींपर्यंत पोचलेले, आणि बोळांत पाणी भरलेलं. तुम्ही पाऊल टेकलं की हाड डोळ्याला दिसणार नाही इतकं वाकतं, बोळांतलं पाणी सरकतं, पेशीच्या अंगाला घासून जातं. ते तिला कळतं. भार मिळत राहिला की ती स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडणं कमी करते. हे प्रथिन म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशींवर दाबून धरलेला ब्रेक. ब्रेक सुटला की बांधकाम सुरू. उंदरांच्या हाडातल्या पेशींमधून पीझो१ काढून टाकलं तर हाडं पातळ होतात, हे २०१९ मध्ये दिसलं. अंतराळवीरांचं उलटं बघा, तिथे पायावर भारच नाही, तर कमरेच्या हाडातून महिन्याला एक ते दीड टक्का हाड जातं.

पण तुमच्या फटीत अजून हाडच नाही, तिथे कोवळं मांस आहे. तिथला हिशोब स्टीफन पेरेन या स्विस शल्यविशारदानं मांडला आणि तो तुमच्या भाषेतला आहे. फट जितकी उघडते-मिटते त्याला मूळ फटीनं भागा. कोवळं मांस शंभर टक्के ताण सोसतं, म्हणजे दुप्पट लांबलं तरी तुटत नाही. कूर्चा दहा टक्के. हाड फक्त दोन. म्हणून आधी मऊ भरतं, त्यानं हलणं कमी होतं, मग कूर्चा धरते, त्यानं आणखी कमी होतं, मग हाड. फार हललं तर गाडी कोवळ्या मांसावरच अडते. आणि मुळीच हललं नाही तर फटीभोवती नव्या हाडाचा जाड गठ्ठा बांधायचा निरोपच जात नाही. गुडशिप आणि केनराइट यांनी १९८५ साली मेंढ्यांच्या नडगीवर दाखवलं, की मोडलेल्या जागी रोज सतरा मिनिटं मोजून हालचाल दिली तर ती गच्च बांधलेल्या नडगीपेक्षा लवकर धरते. सतरा मिनिटं, बरं का. दिवसभर नव्हे.


टूलरूमवाला, चिंचवड

१ मिलिमीटर फट धरली तर दोन टक्के म्हणजे वीस मायक्रॉन. अहो, २० मिलिमीटरच्या भोकाला एच ७ टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २१ मायक्रॉन असतो! मी जन्मभर ज्या मापात काम केलं त्याच मापात माझं हाड काम करतंय, आणि मला ते साठाव्या वर्षी कळतंय.

आणि आता एक्स-रे पुन्हा उजेडात धरून बघितला. रॉडला वरच्या बाजूला दोन भोकं आहेत, एक गोल आणि एक लांबट खाच. काढला तो गोल भोकातला. राहिला तो खाचेतला. म्हणजे हाड खाचेत वर-खाली सरकणार, गोल फिरणार नाही. की-वे! डॉक्टरांनी बोल्ट काढला नाही, फिक्स्ड जोडाचा स्लायडिंग जोड केला. हे एक वाक्य त्यांनी बोललं असतं तर दोन रात्रींची झोप वाचली असती. असो, बाहेर चाळीस माणसं होती.

पण पाय टेकायचा म्हणजे किती? "झेपेल तेवढा" हे माप नव्हे.


फिजिओ, सांगली

काका, बाथरूमचा वजनकाटा आहे का घरी? नसला तर आणा. वॉकर समोर ठेवा, चांगला पाय जमिनीवर, मोडलेला काट्यावर. हळूहळू दाबत जा आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याला थांबा. बऱ्याच जणांना सुरुवातीला २० किलो सांगतात, पण तुमचा आकडा त्यांनाच विचारा, माझ्यावर जाऊ नका. पाच-सहा वेळा केलं की पायाला तो दाब पाठ होतो, मग काटा लागत नाही. हे मी प्रत्येकाला शिकवते, कारण "झेपेल तेवढा" म्हटलं की अर्धे लोक पाय टेकतच नाहीत आणि उरलेले दुसऱ्या दिवशी जिना चढतात.

आता व्रण. जखम भरताना तिथल्या काही पेशी स्नायूसारख्या होऊन कडा ओढून घेतात. जिनिव्हाच्या गॅबियानींनी १९७१ मध्ये या पेशी दाखवल्या. काम झालं की त्यांनी निघून जायचं असतं. पण जागा ताणात असली तर त्या जात नाहीत. त्यामागची युक्ती पेट्रीडिशताई नीट सांगतील. मला कळलेली अशी, की व्रण वाढवणारं रसायन पेशीभोवतीच्या तंतूंच्या जाळ्यात कुलूपबंद डबीत असतं आणि पेशी ती डबी ओढते. जाळं मऊ असेल तर डबी नुसती तिच्याकडे सरकते, उघडत नाही. जाळं ताठ असेल तर डबी जागची हलत नाही, झाकण निघतं. झाकण निघालं की पेशी आणखी जोर करते, जाळं आणखी ताठ होतं, पुढची डबी आणखी सहज उघडते.

म्हणूनच छातीवर, खांद्यावर व्रण जाड होतात आणि पापणीवर सहसा होत नाहीत. १८६१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँगर यांनी प्रेतांच्या कातडीला गोल टोच्यानं भोकं पाडली, तर ती गोल न राहता लांबट झाली. कातडी कुठल्या दिशेला ओढलेली असते त्याचा नकाशाच निघाला त्यातून. सर्जन आजही छेद त्या रेषांच्या बाजूनं घेतात. तुमची नडगीवरची जखम अपघाताची, ती काय रेषा विचारून थोडीच झाली!

व्रण पूर्ण मिटलाय ना, खपली-ओल काही नाही ना, मग सिलिकॉनची पट्टी वापरता येते, आणि टेप लावून कातडीचा ताण कमी करता येतो. मसाज बोटानं, गोल गोल, तेल थोडंसं. जोरात रगडू नका. खाज आली की नखं लावणं बंद.


पेट्रीडिश

डबीचं अगदी बरोबर, मी यापेक्षा चांगलं सांगितलं नसतं. एकच भर घालते, कारण तो माझ्याच प्रांतातला आहे. आपल्याला वाटेल पीझो१ म्हणजे जखम भरायला मदत. कातडीच्या वरच्या पेशींत उलटं निघालं. २०२१ मध्ये दिसलं की त्या पेशींतून पीझो१ काढलेल्या उंदरांची जखम लवकर मिटली. सरकत्या पेशींच्या कडेला ते दार उघडलं की कड मागे ओढली जाते. तेव्हा तेच गेज हाडात बांधा म्हणतं आणि कातडीत थांबा म्हणतं. निरोप काय ते ऐकणारी पेशी ठरवते.

तापमानाचं राहिलं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीच्या तिखटाचं दार शोधलं, तर तेच दार साधारण ४३ अंशांच्या वर उष्णतेनंही उघडतं. ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजतं म्हणतो ते शब्दशः खरं, मज्जातंतूला फरकच कळत नाही. पुदिन्याच्या अर्कानं गारव्याचं दार उघडतं, ते २००२ मध्ये सापडलं. त्यामुळे बाम चोळल्यावर गार वाटतं, पण गुडघ्यात काहीही गार झालेलं नसतं. नुसतीच बेल वाजवलेली.

हे झाले थर्मोकपल. पण प्रत्येक पेशीत फ्यूजसारखंही एक आहे. १९६२ मध्ये इटलीत फेरुचियो रितोसा फळमाश्यांवर काम करत होते. कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं, आणि यांना माशीच्या गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. पेशी नवी जनुकं चालू करत होती. नंतर उलगडलं ते असं. तापमान चढलं की प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोळा व्हायला लागतात. त्यांना सावरणारी मदतनीस प्रथिनं तिकडे धावतात. एरवी त्यांनी एका स्विचला धरून ठेवलेलं असतं. हात मोकळा झाला की स्विच सुटतो आणि आणखी मदतनीस बनवायचा हुकूम निघतो. म्हणजे वेगळं थर्मामीटर नाहीच. झालेली मोडतोड हेच माप.

मेहुण्यांना आणि वहिनींना दोघांनाही थोडे थोडे मार्क द्या. निकाल फिजिओताईंनी लावावा.


फिजिओ, सांगली

सुजेच्या पहिल्या दिवसांत बर्फ, तोही फडक्यातून. चौदा आठवड्यांनी सांधा आखडला असेल तर व्यायामाआधी कोमट शेक चालतो. रॉड आहे म्हणून साधी पिशवी वर्ज्य नाही. मात्र क्लिनिकमध्ये शॉर्टवेव्ह डायथर्मीचं, म्हणजे लहरींनी आतून शेक देणारं, मशिन लावू म्हणाले तर आत धातू आहे हे आधी सांगा, त्यावर ते लावत नाहीत.

पण काका, बधिर भागावर पिशवी अजिबात नको. गुडघ्याच्या बाजूनं रॉड घालताना तिथला कातडीचा बारीक मज्जातंतू दुखावतो, बऱ्याच जणांना होतं. तुमच्याच भाषेत, थर्मोकपलची वायर तुटलीय. तिथली पेशी भाजेल, तिला कळेल, तुम्हाला कळणार नाही.


वॉर्डसिस्टर

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा अंगठा. बधिर पायावर पिशवी ठेवून झोपलेले आणि सकाळी फोड घेऊन आलेले पेशंट मी सव्वीस वर्षांत किती पाहिले ते मोजलेलं नाही. मधुमेह आहे का काका? असेल तर दुप्पट जपा.

मी इथे गाराविरुद्ध बोलायला आलेय. जखमेला गारवा सोसत नाही. ड्रेसिंग उघडं टाकून डॉक्टरांची वाट बघत बसलं की जखम गार पडते, आणि पेशी वाढायचं काम मंद होतं. म्हणून मी थंडीच्या दिवसांत सलाइनची बाटली आधी कोमट करून घेते, आणि सगळं ताट मांडल्याशिवाय पट्टी सोडत नाही. नवीन मुली हसतात. त्यांना मी व्हिएन्नाचा १९९६ मधला अभ्यास सांगते. आतड्याच्या ऑपरेशनचे २०० पेशंट, निम्म्यांना ऑपरेशनभर ऊब दिली, निम्म्यांचं अंग नेहमीसारखं गार पडू दिलं. फरक जेमतेम दोन अंशांचा, ३६.६ आणि ३४.७. गार पडलेल्यांत १९ टक्के जखमा चिघळल्या, उबेतल्यांत ६ टक्के. गारठ्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, प्राणवायू पोचत नाही, पांढऱ्या पेशी जंतू मारणार कशानं?

भाजल्यावरचं वेगळं, तिथे वाहत्या नळाखाली वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई तर नाहीच.

आणि रक्तवाहिन्या आकसण्यावरून आठवलं. टूलरूमवाले, तुम्ही मळता का? माझ्या वॉर्डात हाड न धरलेल्या दर दुसऱ्या पेशंटच्या उशीखाली पुडी निघते. ही माझी शास्त्रीय आकडेवारी नाही, उशा झटकतानाची आहे. पण निकोटिननं वाहिन्या आकसतात हे नक्की.


टूलरूमवाला, चिंचवड

सिस्टर, मळत होतो. पुडी सौ.नं काल कचऱ्याच्या गाडीत टाकली, तुमचं लिहिलेलं मोठ्यानं वाचून. मधुमेह नाही.

डॉक्टरांना फोन लावला, कंपाउंडरनं निरोप आणून दिला, २० किलोच. वजनकाटा शेजारच्या जोशीकाकूंकडून आणलाय. काटा पाच किलोचं वजन ठेवून तपासला, अर्धा किलो जास्त दाखवतो, तेवढं वजा करतो. पहिल्या दिवशी बारालाच घाम फुटला. आज सकाळी वीसला दहा सेकंद थांबलो. आकडा सौ. वाचते, कारण मान खाली घातली की माझा तोल जातो.

आणि पिशवीचा निकाल लागला. जुनं थर्मोकपल अजून माझ्या पेटीत आहे. सौ.नं नेहमीसारखी पिशवी भरली, टॉवेल गुंडाळला, मी टोक टॉवेल आणि कातडी यांच्यामध्ये सरकवलं. चांगल्या पायावर, काळजी नको. मीटर चढत चढत ४५ वर गेलं. ताईंच्या त्या मिरचीच्या दारापेक्षा दोन अंश वर! मी म्हटलं बघ, हे भाजणं आहे. ती म्हणाली, मग टॉवेल दुहेरी करू. केला. ३९ वर थांबलं. तिथे तह झालाय, गुडघ्याच्या आतल्या बाजूला दहा मिनिटं, व्यायामाआधी. बधिर भागाभोवती मी मार्करनं रेघ मारून घेतलीय, जॉबवर मारतो तशी.

पुढचा फोटो सहा आठवड्यांनी आहे. काढला की टाकतो इथे.